बायकांची बाजू

बाळकुमच्या खळ्यावर त्या दिवशी नाटक होतं, आणि तेही भर दुपारी. हसू नका. अठराशे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ तो. अंधार पडला की येऊरच्या रानातून बिबट्या खाली उतरायचा आणि माजिवड्याच्या वाटेवरून एखादं वासरू उचलून न्यायचा. म्हणून गावचे मुकादम पर्सीबाबा यांनी नाटक कंपनीला कल्याणला निरोप धाडला होता, की भाताची झोडणी उरकलीय, खळं मोकळं आहे, मंडप आम्ही घालतो, पण खेळ उजेडी करा आणि माणसांना उजेडी घरी जाऊ द्या. कंपनीचे मालक महिपतराव एरवी असल्या अटी ऐकून घेणारे नव्हेत. पण या वेळी मुकाट्याने बैलगाड्या जोडून आले. कारण बाळकुम हे डॉमनिकचं गाव, आणि डॉमनिकवर कंपनी चालली होती.

डॉमनिकची बायको सेसिलिया सकाळपासून खळ्यावर नुसती भिरभिरत होती. सारवण नीट झालं नाही म्हणून पोरींवर ओरड, मंडपाचा वासा हलवून बघ, मध्येच डोक्यावरचा पदर सावर. लुगडं नवंकोरं लालभडक होतं आणि नाक वर होतं. का नसावं? सहा वर्षं तिने गावाची बोलणी खाल्ली होती. "तुझा दादला सोंगाड्या झाला गो?" "एवढा चॅम्पियन माणूस, आता लुगडं नेसलेल्या बाप्याच्या हातचा मार खातो म्हणे!" विहिरीवर तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच, कुणाच्या मयताला गेली तरी तेच. आणि त्यातल्या एकीनेही नाटक पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिने स्वतः तरी कुठे पाहिलं होतं? कंपनी फिरायची नाशिक, पुणे, सोलापूर. डॉमनिक घरी यायचा तो नाताळात आणि चर्चच्या सणाला. आज ती त्याला पहिल्यांदा बघणार होती, आणि त्या सगळ्या टोचऱ्या बायांना दाखवणार होती.

डॉमनिकचं नाव आधी कशासाठी होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कल्याणला रेल्वेच्या शेडमध्ये तो घणावर होता. तिथले गोरे ड्रायव्हर रविवारी मैदानात दोर बांधून ठोशांची झुंज लावायचे. ते तिला बॉक्सिंग म्हणत, बाळकुमवाले म्हणत साहेबांची मारामारी. एकदा गंमत म्हणून त्यांनी या काळ्या घणवाल्याला दोरांच्या आत ओढला आणि गंमत त्यांच्याच अंगाशी आली. पुढची पाच वर्षं कल्याणपासून इगतपुरीपर्यंत एक माणूस त्याच्यापुढे टिकला नाही. पितळी बकलाचा रुंद चामडी पट्टा मिळाला त्याला. तो पट्टा बांधून डॉमनिक बाळकुमात आला त्या दिवशी गावाने वाजंत्री लावली होती. मग ऑस्वल्ड नावाचा एक डावखुरा ड्रायव्हर आला. डॉमनिकने त्यालाही आडवा केला, होय, जिंकूनच बाहेर आला. पण झुंजभर त्या डावऱ्याचे ठोसे एकाच जागी बसले होते, उजव्या डोळ्यावर. महिन्याभरात तो डोळा विझला. तापल्या लोखंडावर पडायचा घण ऐरणीच्या कडेवर पडायला लागला, आणि कुणी काही बोलायच्या आत डॉमनिकने आपणहून शेड सोडली.

कंपनीत तो शिरला पेट्या उचलायला. आंबिवलीच्या मुक्कामात राजाचं सिंहासन रंगभूमीवर ठेवताना पाय अडखळून सिंहासनासकट पडला, आणि असा पडला की लोक राजाला विसरून याला हसत राहिले. पडण्यात त्याचा हात कोण धरणार? महिपतराव चतुर माणूस. त्यांनी लगेच त्याच्यासाठी एक फार्स लिहून घेतला. चाळीस मल्ल लोळवल्याच्या बढाया मारणारा गुलाब पैलवान, आणि घरात त्याला थोबाडीत लगावणारी त्याची बायको चंद्रा. डॉमनिक आपला खराखुरा पट्टा पोटावर बांधून गुलाब व्हायचा. चंद्रा व्हायचा विश्राम. विश्राम असा देखणा की बायकांनी त्याच्याकडून लुगडं नेसायला शिकावं, पण मूळ पाथरवटाचा पोर. मिसरूड फुटेपर्यंत दगड फोडलेला हात तो.

ती थोबाडीत म्हणजे फार्सचा प्राण. "हात पुरा येऊ दे," डॉमनिकने विश्रामला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "अर्धा हात लोकांना कळतो. टाळायचं काम माझं." मग विश्राम जीव खाऊन हात फिरवायचा. डॉमनिक अगदी शेवटच्या क्षणाला मान झटकायचा, हात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राखून गालावरून जायचा, आणि डॉमनिक पट्ट्याआड लपवलेले स्वतःचे पंजे असे वाजवायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसाने आपला गाल चोळावा. मग तो पडायचा. मग आरडाओरडा, वन्समोअर! गाण्याला वन्समोअर सगळेच घेतात हो. थोबाडीत खाऊन वन्समोअर घेणारा नट एवढा एकच, असं महिपतराव गावोगाव सांगत फिरायचे. सोलापूरला तर त्याने सात वेळा घेतला होता.

आणि हे सगळं एका डोळ्यावर! कंपनीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते फक्त सेसिलियाला, आणि तिलाही गेल्या सणापासूनच.

त्या दिवशी मिठागराच्या बांधावर बसून त्याने तिला सांगितलं होतं. राहिलेल्या डाव्या डोळ्यापुढेही आताशा काळे ठिपके तरंगत होते, म्हणून त्याने ठाण्याला एका डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर सरळच बोलला. हाही डोळा आतून नाजूक झालाय, जपलास तर मरेपर्यंत पुरेल, पण यापुढे एक जरी जोराचा फटका बसला तर गेला म्हणून समज.

सेसिलियाने त्याचं मनगट धरलं. "मग सोड ना ते थोबाडीत खाणं! सांग त्या विश्रामला."

"एकदा सांगितलं की संपलं," डॉमनिक म्हणाला. "अगं, आंधळ्याला कोण हसतं? लोक चुकचुकतात. एकदा का माझ्याकडे बघून चुकचुकले, की माझा पार्ट गेला. मुठी गेल्या, घण गेला. लोकांचं हसू तेवढं राहिलंय, ते राहू दे."

"आणि बसला फटका तर?"

"नाही बसत. विश्राम येतो तो नेहमी माझ्या डाव्या हाताने, चांगल्या डोळ्याकडून. येताना दिसतो मला. सहा वर्षांत एकदा चुकलेलं नाही."

मग त्याने गळ्यातला क्रूस काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि कुणालाही न सांगण्याची शपथ घ्यायला लावली. तिने घेतली. नवऱ्याला तिने उभ्या जन्मात कशाला नाही म्हटलं नव्हतं, त्यात ही शपथ. विश्राम नेहमी त्याच बाजूने का येतो, हे मात्र तिने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

तर दुपारी माणसं जमायला लागली. बाळकुमचं अख्खं गाव, माजिवड्याचे शेतकरी, खाडीवरचे कोळी, मिठागरवाले. कंपनीचा दगडू गडी मंडपात मधोमध दोरी बांधत होता. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, ही सगळीकडचीच रीत. त्याने नेहमीच्या सवयीने बायकांच्या चटया नाटकाकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला टाकल्या.

बाळकुमच्या बायका आल्या आणि दोरीशी येऊन अडल्या. कुणी बसेच ना. म्हातारी अ‍ॅग्नेसआजी तर काठी टेकून मधोमध उभी. "मी नाय तिकडं बसायची. ती बाप्यांची बाजू."

म्हणजे झालं होतं असं, की चर्चमध्ये आल्ताराकडे, म्हणजे वेदीकडे, तोंड केलं की बाया डाव्या हाताला आणि बाप्ये उजव्या. बापजाद्यांपासून तसंच. लग्नाच्या मांडवात तसंच, मयताच्या प्रार्थनेला तसंच. या बायांना पुढे आल्तार असो की नाटकाचा पडदा, उजव्या हाताला बसायचं म्हणजे पुरुषांत जाऊन बसल्यासारखंच वाटणार.

सेसिलिया कमरेवर हात ठेवून पुढे झाली. आज तिचा दिवस होता. "दगडूदादा, चटया उचला. आमच्या बाया डाव्या हाताला बसतात. तुमच्या नाशिक-पुण्याला काय चालतं ते इथं नको."

दगडू बिचारा महिपतरावांकडे धावला. महिपतराव तोंडात पान कोंबत होते. त्यांनी हात उडवला. "बसू देत कुठे बसतात त्या. त्यांचं गाव आहे." दोरी तशीच राहिली, चटया फक्त इकडच्या तिकडे झाल्या. अ‍ॅग्नेसआजी डाव्या हाताला पुढच्या चटईवर टेकली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सेसिलियाकडे बघून कौतुकाने मान हलवली. सेसिलिया तिच्या शेजारी अगदी कडेला, कनातीला खेटून बसली. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मूळ नाटक गाण्यांचं होतं. बाळकुमकरांनी ते लांबलेल्या प्रवचनासारखं सोसलं. मग फार्स लागला आणि डॉमनिक आला. पोटावर पट्टा, डोक्याला हा एवढा फेटा, मिशांना पीळ. आणि काय सांगू, खळं नुसतं उठलं! "आपला डॉमनिक! यो बघ, आपला डॉमनिक!" डॉमनिक क्षणभर जागच्या जागी थबकला. एवढी गावं फिरला, पण स्वतःच्या गावाचा आवाज त्याने पट्टा बांधून आला त्या दिवसानंतर ऐकला नव्हता. त्याची मान बायकांकडे वळली, एका जागी थांबली, आणि मग तो छाती काढून गरजला.

"चाळीस! चाळीस लोळवले या हातांनी! एकेचाळिसावा कोण आहे, पुढे या!"

"तुझी बायको!" पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, आणि जे हसू फुटलं ते थांबेच ना. डॉमनिक चालला तरी हसत होते, बसला तरी हसत होते. पट्टा आवळायला गेला आणि पोट खालून बाहेर आलं, तेव्हा पर्सीबाबांच्या हातातली काठी पडली. अ‍ॅग्नेसआजी बोळकं उघडून हसत सेसिलियाच्या मांडीवर थापा मारत होती. "गो सेसिल, मारला की गो यानं माना हसवून!" सेसिलियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सहा वर्षांचं सगळं किल्मिष त्यात धुऊन गेलं. तिला वाटलं, बस्स, आता देवाकडे आणखी काही मागणं नाही.

तेवढ्यात तिच्या खांद्याशी कनात हलली. पलीकडे विश्राम उभा होता. हिरवं लुगडं, नाकात नथ, मनगटांत जाड पितळी पाटल्या. हात झटकून मोकळे करत होता.

"तू रे इथे कसा?" तिने डोळे पुसत विचारलं.

"इथूनच जायचं ना, वहिनी. नियम आहे आमचा. मागे एका गावी पुरुषांच्या बाजूने जात होतो, तर टवाळांनी पदरच ओढला माझा. लुगडं फेडायचंच बाकी होतं. तेव्हापासून मी बायकांच्या बाजूने जातो. बायका बसतील तिथून."

सेसिलियाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. तिने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग समोर डॉमनिककडे पाहिलं. तो लोकांकडे तोंड करून उभा होता. समोरासमोर उभं राहिलं की आपला डावा हात तो समोरच्याचा उजवा. विश्राम उजवीकडून जाणार होता, मेलेल्या डोळ्याकडून. आणि बायकांना इथे आणून बसवलं होतं तिने. कमरेवर हात ठेवून!

"विश्राम, तू त्या बाजूने जा," ती कशीबशी म्हणाली.

"आता? मागे सगळ्या पेट्या रचल्यात, वहिनी. आणि बोलावणं आलंच की माझं."

"जा रे बाबा. तुझ्या पाया पडते."

"अहो, पण का?"

का! दोन शब्द पुरे होते. त्या दोन शब्दांसाठी तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तळहातावर तो क्रूस जसाच्या तसा लागायला लागला. सांगितलं तर आत्ता विश्रामला कळणार, संध्याकाळी महिपतरावांना, आठ दिवसांत सगळ्या कंपनीला, आणि मग डॉमनिककडे बघून लोक चुकचुकणार. नाही सांगितलं तर डोळा. शपथ की डोळा? किती वेळ लागतो हो असं ठरवायला? तिला तीन श्वास लागले. डोळा! मेली ती शपथ, मी जाईन नरकात. "विश्राम, त्याचा उजवा..."

"चंद्रे!" रंगभूमीवर डॉमनिक गरजला. "पाय दाबायला ये गं!" आणि विश्राम पदर खोचून गेलासुद्धा.

सेसिलिया ताडकन उभी राहिली. "डॉमनिक! उजवीकडे! उजवीकडे बघ!"

बायकांना वाटलं, ही गंमतच आहे. नवरा मार खाणार म्हणून खरी बायको सांगतेय! सगळ्याच उठल्या, टाळ्या पिटत ओरडायला लागल्या. "उजवीकडे! डॉमनिक, उजवीकडे!"

तो आपला डाव्या हाताला कान लावून उभा होता, चंद्रा येईल म्हणून. एवढ्या गलक्यात त्याने बायकोचा आवाज ओळखला. ओळखणारच. त्याने चेहरा उजवीकडे वळवला, सबंध, डाव्या डोळ्यासकट.

हात पुरा आला होता.

पट्ट्याआडचे पंजे वाजलेच नाहीत. आवाज आला तो वेगळाच, दगडावर ओलं धुणं आपटल्याचा. पाटलीची कड डाव्या डोळ्यावर बसली होती. डॉमनिक पडला, पण तो नेहमीचा, गिरक्या घेत पडणारा डॉमनिक नव्हता. सरळ खाली गेला. खळ्यावर हास्याचा कल्लोळ उठला.

सेसिलिया मोजत होती. कल्याणच्या मैदानात पडलेल्या माणसापुढे दहा आकडे मोजायचे, हे त्यानेच तिला नवीन लग्न झालं तेव्हा कौतुकाने सांगितलं होतं. आठला तो नेहमी उठायचा, आधी एका गुडघ्यावर. सहा. सात. आठला डॉमनिक गुडघ्यावर आला. त्याने डोळे उघडले. स्वतःचा पंजा स्वतःच्या तोंडापुढून एकदा नेला. पुन्हा एकदा नेला. मग हात खाली सोडला. सेसिलियाला कळलं. दुसऱ्या कुणालाही कळलं नाही.

"वन्समोअर!" पर्सीबाबा काठी आपटत उभे राहिले. "वन्समोअर!" सगळं खळं ओरडायला लागलं.

विश्राम खांबासारखा उभा होता. आपला हात हाडामांसावर बसलाय, एवढं त्याला समजलं होतं. रंगाखाली त्याचा चेहरा पार उतरला.

डॉमनिक उठला, आणि लोकांकडे पाठ करून मागच्या पडद्यालाच वाकून नमस्कार केला. लोक गडबडा लोळले. "चंद्रे, कुठे गेलीस गं?" तो म्हणाला. हे वाक्य फार्समध्ये नव्हतं. दोन पावलं टाकून तो मंडपाच्या वाशावर आदळला, मागे सरला, आणि वाशाला हात जोडून म्हणाला, "माफ करा, मामंजी." बाप रे, काय ते हसणं! अ‍ॅग्नेसआजीला ठसका लागला. त्याला काही म्हणता काही दिसत नव्हतं आणि तो माणूस तिथे उभा राहून लोकांना हसवत होता. सेसिलियाला ओरडून सांगावंसं वाटलं, गप्प बसा मेल्यांनो, मुडद्यांनो, गप्प बसा!

मग त्याने तोंड फिरवलं आणि तो पुढे यायला लागला. पुढे रंगभूमीच्या फळ्या संपत होत्या. कंबरभर खाली दगडासारखं टणक खळं. आणखी तीन पावलं, आणि तो डोक्यावर पडला असता.

कुणीही धावून त्याचा हात धरू शकलं असतं. पण धावून हात धरला, अरे काय झालं, दिसत नाही का रे, असं एकदा म्हटलं की हे सगळं खळं एका दमात गप्प होणार आणि मग चुकचुकणार. डॉमनिकने तिच्याकडे उभ्या जन्मात एवढंच मागितलं होतं, की ते होऊ देऊ नको. सेसिलियाने लुगड्याचा ओचा खोचला, फळीवर पाय दिला आणि वर चढली.

बाई! खरीखुरी बाई, नाटकाच्या फळ्यांवर! आत महिपतरावांनी कपाळावर हात मारला. सेसिलियाने डॉमनिकचा कान पकडला आणि असा पिळला की त्याची मान वाकडी झाली.

"मेल्या! चाळीस लोळवलेस काय? आणि घरातलं पाणी कोण भरणार, तुझा बाप? भात कोण कांडणार? चल घरी! चल म्हणते ना!"

डॉमनिकच्या अंगातून एक थरकाप गेला. तो तिच्या बोटांना कळला. त्याने हात ओळखला होता. मग तो लोकांकडे तोंड करून किंचाळला, "वाचवा हो! एकेचाळिसावी आली!"

असं हसू बाळकुमने त्याआधी ऐकलं नव्हतं. पुरुष एकमेकांच्या अंगावर पडले, पोरं उड्या मारायला लागली. सेसिलिया शिव्या देत होती आणि कानाला धरून त्याला पावलापावलाने मागे नेत होती. मध्येच खालच्या आवाजात सांगत होती, "फळी वर आलीय. पाय उचल. आता वळ." अख्ख्या गावासमोर तिने आपला आंधळा नवरा आत नेला, आणि कुणाला काही कळलं नाही.

पडद्यामागे तिने त्याला एका पेटीवर बसवलं. विश्राम मागोमाग आला, हुंदके देत. तिने त्याला हातानेच बाहेर घालवलं.

"दिसतं का?"

"नाही."

"जरासं? सावली?"

"नाही गं. दिवस आहे ना अजून?"

"आहे." तिने पदराच्या टोकाने त्याच्या गालावरचं रक्त टिपलं.

"हसले?" त्याने विचारलं.

"हसले रे."

"चुकचुकलं नाही ना कुणी?"

"कुणी नाही."

त्याने तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाला, "विश्राम त्या बाजूने कसा आला?"

"बायका तिकडे बसल्या होत्या."

"कोणी बसवल्या?"

खोटं बोलता आलं असतं. दगडूवर ढकलता आलं असतं, महिपतरावांवर ढकलता आलं असतं. "मी," सेसिलिया म्हणाली. "चर्चमध्ये बसतो तशा. आणि उजवीकडे बघ म्हणून ओरडले ती पण मीच."

तिने डोळे मिटले. त्या हातांनी खरोखरच माणसं लोळवली होती. त्यातला एक आपल्यावर उठावा, असं तिला मनापासून वाटत होतं. मारू दे, मरू दे मला इथंच. हात उठला नाही.

"मला दिसल्या होत्या ना बायका त्या बाजूला," डॉमनिक म्हणाला. "आत पाऊल टाकल्या टाकल्या दिसल्या. माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण तुझं लाल लुगडं दिसलं, तू हसताना दिसलीस. मग मी तेच बघत राहिलो."

सेसिलियाने तोंडात पदर कोंबला. बाहेर पाय आपटायला लागले होते. वन्समोअर! वन्समोअर! मंडपाचे वासे हलत होते. महिपतराव पडदा बाजूला करून आत डोकावले, "डॉमनिक, लोक ऐकत नाहीत रे, त्या बाईंनाही..." आणि डॉमनिकचा चेहरा पाहून मध्येच थांबले.

डॉमनिक उठला. चाचपून फेटा नीट केला, पट्टा वर ओढला, बकल पोटाच्या मधोमध आहे का ते बोटांनी पाहिलं. मग जिथून तिचा श्वास ऐकू येत होता तिकडे मान वाकवून कान पुढे केला.

"धर. आणि जोरात ओढ. अर्धा हात लोकांना कळतो."

"डॉमनिक, नको रे."

"बाहेर गेल्यावर मला लोकांकडे तोंड करून उभा कर. तेवढं बघ. बाकी मी करतो."

सेसिलियाने डोळे पुसले, त्याचा कान धरला आणि तोंडाने शिव्या देत त्याला उजेडात नेलं.